डब

जमैकातील एक संगीतप्रकार. खरे तर ध्वनिमिश्रणाची एक रीत. आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या रेगे (जमैकाचे लोकप्रिय संगीत) गाण्यातले गायन आणि बरीचशी वाद्ये काढून घ्यायची, ड्रम व बेस उघडे ठेवायचे आणि गाण्याचे उरलेसुरले तुकडे प्रतिध्वनीत बुडवून मधूनच वर आणायचे, एवढीच तिची कृती. १९७० च्या दशकात किंग्स्टन शहरात ती बहरली. यात नवे वाजवले जाणारे वाद्य सहसा एकच असते, मिक्सर, म्हणजे वेगवेगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र मिसळणारे यंत्र.

डबचे मूळ साउंड सिस्टिममध्ये आहे. १९५० च्या दशकापासून किंग्स्टनच्या मैदानांत आणि अंगणांत कपाटाएवढे स्पीकर, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आणि टर्नटेबल लावून नाच होत. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारख्या मालकांत चढाओढ अशी, की अमेरिकेतून आणलेल्या तबकडीचे नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तिच्यावरचे लेबल खरवडून टाकत. पुढे हेच मालक स्वतः गाणी मुद्रित करू लागले आणि ती छापण्याआधी नाचात वाजवून पाहू लागले. त्यासाठी कापली जाणारी एकुलती प्रत म्हणजे डबप्लेट: ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर आणि त्यात थेट कोरलेली खाच. थर मऊ असल्याने प्रत्येक वाजवणीला सुई खाच झिजवते. आधी झांजा आणि ‘स’सारखे तीव्र आवाज विरतात, मग खरखर वाढते. काही डझन वेळा वाजली की तबकडी कामातून गेली. प्रकाराचे नाव या प्रतीवरूनच आले.

१९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला रडी रेडवुड याच्यासाठी रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत एक प्रत कापताना गायन घालायचे राहून गेले, असे सांगितले जाते. तो ती तशीच घेऊन गेला, आणि नाचातल्या लोकांनी शब्द स्वतः गायले. ही चूक घडू शकली याचे कारण साधे आहे: तेव्हा मुद्रण दोन ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या दोन स्वतंत्र पट्ट्यांवर होई, एकावर वाद्ये आणि दुसऱ्यावर गळा. एक बंद राहिला की झाले. निर्मात्यांना यात पैसाही दिसला. तबकडीच्या मागच्या बाजूला दुसरे गाणे मुद्रित करण्याऐवजी त्याच गाण्याचे गायनाविना रूप, म्हणजे ‘व्हर्जन’, घातले की वादकांचा दुसरा मेहनताना वाचे. १९७० मध्ये यू-रॉयने अशाच जुन्या वाद्यसाथींवर बोलत, आरोळ्या देत केलेल्या तबकड्या तुफान चालल्या. असे बोलणाऱ्याला जमैकात ‘डीजे’ म्हणतात. तबकड्या लावणारा तो ‘सिलेक्टर’.

व्हर्जनचे डब केले ते किंग टबी म्हणजे ऑसबोर्न रडक (१९४१–८९) याने. तो पेशाने रेडिओ व विजेच्या उपकरणांचा कारागीर; अँप्लिफायर बांधणे आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे हे त्याचे रोजचे काम. वॉटरहाउस वस्तीतल्या ड्रोमिली अव्हेन्यूवरच्या घरात त्याने एमसीआय कंपनीचा वापरलेला मिक्सर आणि चार ट्रॅकचे टेपयंत्र बसवले. जागा इतकी अपुरी की गायकाला न्हाणीघरात उभे करावे लागे. वादकांचा ताफा दुसरीकडे मुद्रण करी आणि टेप इथे येई. तिची वाटणी बहुधा अशी: ड्रम, बेस, गिटार-ऑर्गनचा ठेका, आणि गळा किंवा फुंकवाद्ये. चार फेडरवर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खटक्यांवर) चार बोटे ठेवली की सगळे गाणे हातात.

मिश्रण टेप चालू असतानाच, एका दमात होई. पहिली ओळ गळ्यासकट ऐकवायची, शेवटच्या अक्षरावर तो ट्रॅक एकोकडे, म्हणजे प्रतिध्वनी काढणाऱ्या टेपयंत्राकडे ढकलायचा आणि लगेच मूळ फेडर खाली ओढायचा. अक्षर विरत जाते, खाली बेस चालत राहतो. टबीच्या मिक्सरवर टप्प्याटप्प्याने फिरणारा एक मोठा फिल्टर-खटका होता. तो सुमारे ७० हर्ट्झपासून साडेसात हजार हर्ट्झपर्यंत खालचे स्वर छाटत जाई, त्यामुळे भरदार ठेका हळूहळू पत्र्यावर खरवडल्यासारखा पातळ होई. स्प्रिंगच्या रिव्हर्बला (आवाजाला घुमारा देणाऱ्या यंत्राला) थापट मारून ढगांचा गडगडाट काढणे हीही त्याचीच खोड.

एकोचे गणित मात्र चुकवून चालत नाही. टेप सेकंदाला १९ सेंमी धावत असेल आणि मुद्रण करणाऱ्या व वाचणाऱ्या हेडमध्ये ५ सेंमी अंतर असेल, तर आवाज ०.२६ सेकंदाने परत येतो. वेग निम्मा केला तर ०.५३ सेकंदाने. मिनिटाला ७५ ठोक्यांच्या गाण्यात पाऊण ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे वेग आणखी थोडा उतरवावा लागतो. नाहीतर प्रतिध्वनी ड्रमच्या पायात येतो आणि नाचणारे अडखळतात. परत आलेला आवाज पुन्हा यंत्रात किती सोडायचा, हीही कसरतच: प्रत्येक फेरीत तीव्र स्वर घटतात, टेपची सरसर वाढते, आणि प्रमाण जास्त झाले की यंत्र स्वतःच विव्हळू लागते. चांगला मिश्रणकार त्या विव्हळण्याच्या काठापर्यंत जाऊन फेडर ओढतो. सगळे एका खोलीत वाजवत असल्याने गळा कधीकधी ड्रमच्या माइकमध्येही शिरलेला असे. गळ्याचा ट्रॅक बंद केला तरी मागे पुसट, भुतासारखा आवाज उरतो. डबमध्ये हा दोषही खपून जातो, किंबहुना शोभतो. बेस मात्र फार वेळ काढून ठेवू नये. तो चार मापांनंतर (एक माप म्हणजे चार ठोके) परतला तर पोटात धक्का बसतो, सोळा मापांनंतर परतेपर्यंत नाच मोडलेला असतो.

निर्माता ली ‘स्क्रॅच’ पेरीची वाट वेगळी. परसातल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत तो चार ट्रॅक पुन्हा पुन्हा एकत्र करून नव्या आवाजांना जागा काढी, आणि त्यात साचणारी टेपची सरसर तशीच ठेवी. टबीचा डब कोरडा आणि धारदार, पेरीचा दमट आणि गच्च.

१९८५ मध्ये टबीच्याच हाताखाली तयार झालेल्या प्रिन्स जॅमीने कॅसिओच्या छोट्या कीबोर्डातल्या तयार ठेक्यावर एक गाणे काढले, आणि टेपवरच्या वाद्यमेळाची सद्दी जमैकात ओसरली. तोवर डब लंडनमध्ये रुजला होता. तिथल्या मॅड प्रोफेसर या निर्मात्याचा अरिवा स्टुडिओ १९७९ चा. एकाच मुद्रणाची अनेक रूपे काढण्याची जी सवय पुढे रीमिक्स म्हणून जगभर पसरली, तिच्या मुळाशी व्हर्जनची ही काटकसर मोठ्या प्रमाणात आहे. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी टबीची घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. त्याचा तो एमसीआय मिक्सर पुढे अमेरिकेत सिएटलच्या संगीत-संग्रहालयात गेला.