बागेचे टाइमलॅप्स फोटो तारीखवार फोल्डरमध्ये कसे साठतात

ऑक्टोबर छाटणीनंतर काढणीपर्यंत चारेक महिने द्राक्षबाग रोज थोडी बदलते. आम्ही बसवलेला वेबकॅम सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर दहा मिनिटांनी एक फोटो काढतो. दिवसाला ७२, १२० दिवसांचे ८,६४०. ते सलग जोडून सेकंदाला २४ फोटो धरले तर सहा मिनिटांची टाइमलॅप्स फिल्म. फोटो ३०० केबीचा असेल तर अख्खा हंगाम पावणेतीन जीबीच्या आत मावतो.

कॅमेऱ्याच्या पेटीतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एफएसवेबकॅम ही फोटो काढणारी छोटी कमांड चालते. तिला ठरल्या वेळी हाक मारायचं काम क्रॉन या वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं. त्या दिवसाचं फोल्डर नसेल तर आधी ते बनतं, मग फोटो काढून त्याला वेळेचं नाव दिलं जातं. कॅमेरा सुरू होताना पहिल्या काही फ्रेम काळपट येतात, त्या आम्ही सोडून देतो.

फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस असंच ठेवा, उदा. २०२५-१०-१२. आपल्याला दिवस आधी लिहायची सवय आहे, पण तसं केलं तर १ नोव्हेंबर २ ऑक्टोबरच्या आधी येऊन बसतो आणि फिल्ममध्ये घड आधी, फूट नंतर दिसते.

क्रॉनची ओळ स्वतः बदलणार असाल तर तारखेच्या साच्यातल्या (%Y-%m-%d) प्रत्येक % आधी बॅकस्लॅश (\) द्या. तो राहिला तर क्रॉन कमांड तिथेच तोडतो आणि फोटो निघत नाही.

सर्वांत जास्त जपायचं ते घड्याळ. एका बागेत संध्याकाळी पाचला वीज गेली, ती सकाळी आली. पाय वेळ नेटवरून घेतो, पण नेट नव्हतं, त्यामुळे त्याचं घड्याळ आदल्या संध्याकाळीच अडकलं होतं. सकाळचं कोवळं ऊन कालच्या फोल्डरमध्ये गेलं, आणि त्याच नावाचे जुने फोटो पुसले गेले. गेलेला दिवस पुन्हा टिपता येत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक पेटीत बॅटरीवरचं घड्याळ बसवतो. तुमची पेटी जुनी असेल तर कळवा, बसवून देऊ.

महिन्यातून एकदा सगळी फोल्डरं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. बोर्डो हे बुरशीनाशक फवारलं की काचेवर निळसर थर बसतो, तो ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसा. पुसताना पेटी हलू देऊ नका; बोटभर सरकली तरी त्या दिवसापासून फिल्ममध्ये सगळ्या ओळी जागा सोडतात.