तोडणं, कापणं, चिरणं, फोडणं

मराठीत लाकडाचं काम एका क्रियापदावर भागत नाही. झाड तोडायचं, ओंडका कापायचा, फळ्या चिरायच्या आणि जळण फोडायचं. यात अदलाबदल केली की लगेच कानाला खटकतं. ‘फळ्या फोडल्या’ म्हटलं तर कुणीतरी रागाच्या भरात कपाट मोडलं असावं असं वाटेल. मला हे चार शब्द फार नेमके वाटतात. चारही कामांत धार लाकडाला वेगळ्या बाजूने भेटते आणि लाकूड दर वेळी वेगळं वागतं. चेनसॉ (साखळीवरच्या दातांनी कापणारी यांत्रिक करवत), आरागिरणी, जळण फोडायचं हायड्रॉलिक यंत्र ही सगळी अवजारं त्या वागण्याप्रमाणेच घडली आहेत.

लाकूड ही मुळातच बांधलेली मोळी आहे. त्याच्या पेशी म्हणजे लांबट पोकळ नळ्या, बहुतेक सगळ्या खोडाच्या दिशेने उभ्या. नळीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, तेही मुख्यतः लांबीच्या दिशेने. लिग्निन नावाचा डिंक या नळ्यांना एकमेकींशी चिकटवून ठेवतो. नळ्या ओढून तोडायच्या तर प्रचंड जोर लागतो, पण दोन नळ्यांमधला डिंक उकलायला त्याच्या कित्येक पट कमी. म्हणून कुऱ्हाडीच्या एका घावात उभा ओंडका दुभंगतो आणि आडव्या ओंडक्यावर तीच कुऱ्हाड नुसती रुतून बसते.

आता चेनसॉची साखळी बघू. इंजिन बंद करा, हातात मोजे घाला आणि एक दात नीट निरखा. हातकरवतीसारखा तो टोकदार त्रिकोण नसतो. काटकोनात वळवलेल्या नखासारखा असतो, एक डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे. त्याची उभी कड नळ्या आडव्या छेदते आणि वरची आडवी कड सुटलेला भाग उचलून ढलपी काढते. सुताराचा रंधा पाहिला असेल तर हे लगेच लक्षात येईल. रंध्याचं पातं तळाच्या किती बाहेर आहे त्यावर ढलपीची जाडी ठरते. साखळीत त्या तळाचं काम दाताच्या पुढचा एक छोटा उंचवटा करतो. दाताच्या धारेपेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटरने खाली असतो, म्हणजे वहीची सहा-सात पानं एकत्र धरली तर होईल तेवढा फरक. दाताने एका वेळी किती घास घ्यायचा ते हा उंचवटा ठरवतो.

ही गोष्ट मी चुकून शिकलो. गोल कानस घेऊन तासभर बसून मी एकेक दात लखलखीत केला होता. तरी करवत पुढे सरकेना. खाली पिठासारखा भुसा पडत होता, मी जोर लावत होतो आणि साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीतून धूर निघायला लागला. दातांना धार होती, उंचवट्यांकडे मात्र मी पाहिलंच नव्हतं. दाताचा माथा मागे उतरता असतो. त्यामुळे कानस मारत गेलं की दात आखूड होतो आणि बुटकाही होतो. उंचवटा जागच्या जागी राहतो आणि शेवटी दाताला लाकडापर्यंत पोहोचूच देत नाही. चपट्या कानशीचे प्रत्येक उंचवट्यावर दोन-दोन हात मारले आणि तीच साखळी लाकडातून लोण्यासारखी गेली. उत्साहात जास्त घासलं तर उलटं होतं. दात आवाक्याबाहेरचा घास घेतो आणि करवत हिसके देते. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड झाले तर काप सरळ न जाता वळत जातो.

दाताचा हा आकार एका अळीवरून आला. सुरुवातीच्या चेनसॉंना हातकरवतीसारखेच ओरखडे काढणारे दात असत. त्यांना धार लावणं किचकट होतं आणि काम संथ चाले. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लाकूडतोडीचं काम करणारे जोसेफ कॉक्स एका बुंध्यातली भुंग्याची जाडजूड अळी निरखत बसले होते. ती लाकूड रेषेच्या, म्हणजे नळ्यांच्या, दिशेने आणि रेषेला आडवं, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने कुरतडत होती. तिचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले होते आणि ते पुढे न ढकलता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होते. कॉक्स यांनी तोच आकार पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये साखळी विकायला काढली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच घराण्यातल्या आहेत.

वेगाचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित करू. जोरात चाललेली साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. नेहमीच्या मोठ्या साखळीत दोन दातांमध्ये साधारण ३८ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे लाकडाच्या एकाच बिंदूवरून सेकंदाला पाचशेहून जास्त दात जातात. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर तिथे वळण घेणारा दात लाकडात अडकतो. मग ही सगळी ताकद साखळी फिरवण्याऐवजी अख्खी करवत वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे भिरकावते. सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागात होऊन जातो. माणसाला सावरायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून आजच्या करवतींत हिसक्यानेच आपोआप लागणारा ब्रेक असतो. ‘मी सांभाळून धरतो’ हे इथे उत्तर नाही.

झाड तोडताना तर करवतीचं खरं काम कापायचं नाही, नेमकं किती कापायचं नाही हे आहे. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घेतात, खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या भागाइतकी खोल. मग मागून काप घेत पुढे येतात आणि खाचेपर्यंत पोहोचायच्या आत थांबतात. मधे जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतकी पट्टी न कापता ठेवतात. हीच बिजागरी. झाड कलायला लागलं की या पट्टीतल्या नळ्या वाकतात, पण तुटत नाहीत, आणि खाच मिटेपर्यंत सगळं धूड एकाच दिशेने नेतात. बिजागरी आरपार कापली तर झाड कुठे पडायचं ते स्वतः ठरवतं.

पडणाऱ्या झाडाच्या वेगाबद्दल एक गंमत आहे. वीस मीटर उंचीवरून दगड सोडला तर तो ताशी सुमारे ७१ किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटेल. तेवढ्याच उंचीचं खोड बुंध्याशी दुमडून पडलं तर त्याचा शेंडा ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो (हवेचा अडथळा सोडून, खोड वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचं धरून). मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षा शेंडा वेगवान, कारण खालच्या भागाचं वजन त्याला जणू गोफणीसारखं फेकतं. झाडाच्या उंचीच्या दुपटीइतक्या परिघात कुणी उभं राहू नये, हा नियम उगाच नाही.

तोडायला घेतलेलं झाड कधी कधी मधेच फुटतं. पुढे झुकलेल्या झाडाला मागून काप घेताना मागच्या बाजूचे तंतू ताणलेले असतात. काप पुरेसा आत जायच्या आधीच झाड पुढे ओढलं जातं, बिजागरी वाकत नाही आणि खोड उभंच चिरत वर जातं. मागचा अर्धा भाग माणसाच्या छातीच्या उंचीवर लाथेसारखा मागे येतो. आडवं कापणं जमायच्या आत लाकडाने आपली सोपी वाट धरलेली असते. अशा झाडाला जाणकार मधून करवतीची पट्टी आरपार घुसवून आधी बिजागरी तयार करतात, मागे थोडं लाकूड दावणीसारखं न कापता ठेवतात आणि ते शेवटी तोडतात.

पडलेला ओंडका ओढायला ट्रॅक्टर लागतो. त्याबद्दल एकच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. ओंडका ओढायची साखळी नेहमी मागच्या आसाच्या खाली जोडायची. ती वर बांधली आणि ओंडका बुंध्याला अडकला तर चाकं थांबतात, इंजिन थांबत नाही. मग फिरायला उरतो तो ट्रॅक्टरच. पुढची चाकं उचलली जातात आणि चालकाला क्लच दाबायचं सुचेपर्यंत तो मागे उलटलेला असतो.

चिरण्याची तऱ्हा वेगळी. चेनसॉ चौकटीत बसवून ओंडक्याच्या लांबीने फळ्या काढता येतात, पण तेव्हा दातासमोर नळ्यांची उघडी तोंडं येतात आणि हाच लाकडाचा सगळ्यात चिवट पैलू. इंजिन सतत पूर्ण जोरात चालवावं लागतं. दाताची धार नेहमी ३० अंशांच्या आसपास तिरकी असते, चिरायच्या साखळीत ती १० अंशांवर आणतात. याउलट ओंडक्याचा तुकडा आडवा पाडून पट्टी रेषांना समांतर धरली तर ढलप्यांऐवजी वेटोळे घेतलेले लांब धागे बाहेर पडतात आणि बघता बघता करवतीचा गळा भरून टाकतात.

चेनसॉने फळ्या चिरणं हौसेला ठीक आहे, हिशेबाला नाही, असं माझं मत. तिचा काप साधारण ९ मिलिमीटर रुंद असतो. २५ मिलिमीटरच्या दहा फळ्या काढल्या तर ९० मिलिमीटर लाकडाचा भुसा झाला, म्हणजे साडेतीन फळ्या गेल्या. आरागिरणीतली पट्टा करवत अडीच मिलिमीटरच खाते. तिथे दहा फळ्यांमागे एकच फळी जाते.

चिरल्यावरही लाकूड गप्प बसत नाही. वाळताना आधी नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जातं, तेव्हा आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या खाली गेला की भिंतींतलं पाणी सुटायला लागतं आणि लाकूड आक्रसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, गाभ्यापासून सालीकडे थोडं, आणि वर्तुळांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. परीघ त्रिज्येपेक्षा जास्त आक्रसत असेल तर गोल ओंडक्याला गाभ्यापर्यंत तडा जाण्यावाचून गत्यंतर नाही. फळीवर वर्तुळं आडवी पसरलेली असली की ती सालीच्या बाजूला वाटीसारखी वळते. वर्तुळं फळीच्या जाडीत उभी राहतील अशी चिरली तर सरळ राहते, पण तशा फळ्या एका ओंडक्यातून कमी निघतात.

उरलंसुरलं जळणाला जातं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या हायड्रॉलिक नळकांड्यात २०० बार दाब दिला की पाचरीमागे जवळजवळ १६ टनांचा रेटा येतो, आणि सरळ रेषांच्या लाकडाला त्यातला थोडासाच पुरतो. बाकीचा ठेवलेला असतो गाठींसाठी. गाठ म्हणजे खोडात रुतलेलं फांदीचं मूळ. तिथे नळ्या आडव्या घुसलेल्या असतात आणि उकलायला सोपी वाटच नसते.

फोडलेलं जळण लवकर वाळतं, कारण साल पाण्याला अडवते आणि फोडल्यावर ती फक्त एका बाजूला उरते. आखूड तुकडे त्याहून लवकर वाळतात, कारण नळ्यांच्या लांबीने पाणी आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने सरकतं. ओल्या जळणाची उष्णता पाणी उकळण्यात वाया जाते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. निम्मं वजन पाण्याचं असलेल्या एक किलो लाकडात साधारण ९ मेगाजूल उष्णता असते आणि ते पाणी उडवायला सव्वा ते दीड मेगाजूल लागते. जेमतेम सातवा हिस्सा. खरं नुकसान आच मंद राहण्याचं आहे. लाकडातून सुटणारे वायू पुरते जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात. तेवढी आच मिळाली नाही की ते धूर होऊन निघून जातात आणि धुराड्यात डांबरासारखे चिकटतात.

ओला ओंडका आगीत टाकला की थोड्या वेळाने तो सुसू करायला लागतो आणि फेस येतो. तो कुठून येतो ते बघा. मधूनही नाही, सालीतूनही नाही. करवतीने जिथे आडवं कापलं होतं त्या दोन टोकांतून येतो, बारीक बारीक बुडबुड्यांनी, प्रत्येक नळीच्या तोंडातून.