सुई परत आणण्याआधी दोऱ्याचं टोक बघा

"दादा, पुडी बदलून द्या, सुयांची नेढीच बुजलीत." जूनच्या तोंडावर गणवेशाची कामं जोरात असतात, तेव्हा हे काउंटरवर सतत ऐकू येतं. आम्ही सुई उजेडात धरतो, तर नेढ्यातून आरपार दिसतं. मग सोबत आणलेला दोरा बघतो. तो बहुतेक वेळा दाताने तोडलेला असतो.

दाताने दोरा कापला जात नाही, ताणून तुटतो. त्याचा पीळ सुटतो, तंतू पिंजतात, एखादाच नेढ्यात शिरतो आणि बाकीचे बाहेर दुमडतात. मग थुंकी लावायची, पीळ द्यायचा, पुन्हा ओवायचं, पुन्हा तेच! सुती दोरा ओला झाला की उलट फुगतो, आणि ओलसर राहिलेल्या सुईला गंज धरतो तो वेगळाच. पिंजलेलं टोक सरळ करत बसू नका. अर्धा इंच कापून टाका. रिळात दोरा भरपूर असतो, कामाच्या दिवसात वेळ तेवढा नसतो. छेद तिरका द्या, तोही धारेच्या कात्रीने. भाजीच्या कात्रीने नको. दोरे कापायचा छोटा कटर आमच्याकडे आहे, गळ्यात अडकवता येतो.

टोक चिमटीत इतकं आत धरा की जेमतेम दिसेल, आणि दोरा सुईकडे नेण्याऐवजी सुई दोऱ्यावर आणा. काळ्या दोऱ्यामागे पांढरा कागद ठेवा. तरी जाईना तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने बघा, काही सुयांचं नेढं एका बाजूने जास्त साफ असतं. सुती दोरा मेणावरून एकदा ओढला तर टोक ताठ राहतं.

ज्यांना चष्म्यानेही दिसत नाही त्यांच्यासाठी सोपा उपाय: नातवंडांकडून एकाच रिळाच्या दोऱ्यात आठ-दहा सुया ओवून घ्या. लागेल तेव्हा पहिली सुई हातभर दोऱ्यासकट पुढे ओढायची आणि कापायची, बाकीच्या मागे सरकतात. सुई ओवायची, पत्र्याच्या तुकड्यात बसवलेली तारही मिळते. पण बारीक सुईतून जाड दोरा तिने हिसकला तर तार पत्र्यातून सुटते. अशी तुटलेली तार बदलून मिळत नाही, आधीच सांगतो.

"कशासाठी हवी?" असं आम्ही विचारतो, ते काहींना आवडत नाही. पण हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि मशीनच्या सुईचा वाढला की जाड. मशीनला 11 नंबर पातळ कापडाला, 16 जाड कापडाला. मोठा नंबर म्हणजे जाड सुई, हा मशीनचा हिशोब हातसुईला लावून कुणी चादरीची कड शिवायला 10 नंबर नेते, आणि त्यात जाड दोरा जाणारच नाही.

मशीनच्या सुईला एका बाजूने लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने आत घाला. उलटा घातला तर टाके सुटतात, आणि मशीन बिघडली म्हणून मेकॅनिकला बोलावलं जातं.

फोडलेली पुडी आम्ही परत घेत नाही. दमट हात लागलेली सुई दुसऱ्या गिऱ्हाइकाला कशी द्यायची? त्यापेक्षा येताना दोऱ्याचा तुकडा आणि कापडाची चिंधी आणा. दोन-तीन नंबर काउंटरवरच ओवून बघा, चालेल तीच सुई न्या.