चाकूचं पाणी उतरवून आणू नका
(खिशातले आणि रानातले चाकू वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

ट्रेकचा हंगाम सुरू झाला की काउंटरवर एक तक्रार हमखास येते. "चाकू तुमच्याकडूनच घेतला होता. चार महिने छान चालला, आता टोमॅटोसुद्धा चेपतो. धार लावून घेतली, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच." आम्ही पातं उजेडात धरतो आणि विचारतो, धार कुठे लावलीत? उत्तर ठरलेलं: दारावर सायकलवाला आला होता, नाहीतर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने ग्राइंडरवर दोन मिनिटांत करून दिली.

त्या दोन मिनिटांत पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला मुद्दाम दिलेला कडकपणा, उतरतं. पोलाद लाल तापवून विझवलं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून ते पुन्हा बेताने, साधारण १५० ते २५० अंशांपर्यंत तापवतात. कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ तिथे बसतो. कोरड्या फिरत्या चाकावर चाकू टेकवला की धारेची कडा काही सेकंदांत याच्या पलीकडे जाते, कारण ती कागदासारखी पातळ असते आणि उष्णतेला पळायला जागाच नसते. साध्या कार्बन पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. निळं दिसलं की तेवढा भाग मऊ झाला. स्टेनलेसवर हे रंग उशिरा येतात, त्यामुळे तिथे फसगत जास्त. "पण तो मध्येमध्ये पाण्यात बुडवत होता," असं बरेच जण सांगतात. मऊ झालेलं पोलाद त्या गारव्याने परत कडक होत नाही.

अशा चाकूची धार त्या दिवशी कागद सर्रकन कापते, म्हणून ग्राहक खूश होऊन घरी जातो. पण मऊ कडा टिकत नाही, पाचपन्नास कांद्यांत वळते.

सायकलवाल्याला आम्ही नावं ठेवत नाही. विळी, कोयता यांच्यासाठी त्याचं चाक चालतं. ती जाड पाती असतात आणि शेतकरी विळा, कुऱ्हाड लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून धार काढून) आणतोच. पण तीन-साडेतीन इंचांचं बारीक पातं हे वेगळं जनावर आहे.

जळालेला चाकू आला की मऊ भाग दगडावर घासून काढण्यावाचून इलाज नसतो. कधी एक मिलिमीटर, कधी दोन. पात्याची रुंदी जाते, नवी कडा जाड पडते, मग बाजूही उतरवाव्या लागतात. साध्या धारेला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, याला तास-दीड तास जातो. म्हणून तीन दिवस लागतात आणि म्हणून दरही वेगळा. "जरा पटकन लावून द्या, मी थांबतो" याला आम्ही नाही म्हणतो ते यामुळेच. घासायच्या आधी किती पातं जाईल हे तुम्हाला दाखवतो. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगतो.

खरं तर वेळेवर हात फिरवला तर हे काहीच लागत नाही. १००० नंबरचा पाण्याचा दगड (पाणी लावून वापरायचा धारेचा दगड), वर त्याहून बारीक ३००० चा, एवढं घरी पुरे. कोन चुकतो म्हणून लोक घाबरतात. चाकू दगडावर उभा धरा, मग त्याच्या निम्मा झुकवा, मग परत निम्मा. साडेबावीस अंश आले. खिशातल्या चाकूला ते चालतात. धारेवर मार्करची रेघ ओढा आणि चार हात फिरवा. शाई कुठून गेली ते पाहिलं की कोन बरोबर आहे का ते कळतं. स्वीडनच्या मोरा चाकूला तर हेही नको. त्याचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवायचा, बस. शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो तसा चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा. दगड आमच्याकडे मिळतो. आमच्याकडून घेतलेल्या चाकूची पहिली धार फुकट असते, ती लावताना शेजारी उभे राहिलात तर शिकूनच जाल.

पावसाळ्याचं एक वेगळं. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. भिजली की फुगते आणि पातं अडकतं. पक्कड लावू नका. पातं जागी धरणारी गोल कडी मोकळी ठेवून मुठीचं मागचं टोक लाकडी ओंडक्यावर ठोका, पातं थोडं वर येतं. मग सावलीत वाळवा आणि मुठीला जवसाचं तेल चोळा. कार्बनचं पातं लिंबू-कैरीने करडं पडतं, तो गंज नव्हे. तांबूस, खरखरीत दिसलं तर गंज. जून ते सप्टेंबर चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

"शिकारीचा चाकू आहे का?" हेही रोज विचारतात. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. तरी त्या घाटणीचे चाकू मुक्कामाला, बांबू तासायला, शेतावर बकरं सोलायला उपयोगी पडतात, म्हणून आम्ही ठेवतो. बक ११० हा १९६४ पासूनचा घडीचा चाकू, पातं पावणेचार इंच, अजूनही मागणी आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची वेगळी नोंद आहे (घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून), तसलं काही आम्ही विकत नाही. लहान चाकूही मिरवणुकीत किंवा सभेला खिशात नको. सणासुदीला पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश काढतात, त्यात चाकूही येतो. विमानात केबिनच्या बॅगेत तर नाहीच.

रोजच्यासाठी काय घ्यावं? आमचं मत विचाराल तर मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा, कात्रीवाला स्विस चाकू. पातं फार कडक नसल्यामुळे घरच्या दगडावर सहज लागतं, आणि कात्री आमच्या घरात पात्यापेक्षा जास्त वापरली जाते.

चाकू धारेला आणताना पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, वर रबर लावून आणा. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. गेल्या पावसाळ्यात एका पिशवीतून सुरीचं टोक बाहेर आलं होतं, आमच्या मुलाच्या अंगठ्याला तीन टाके पडले.