दंडातला रॉड खांद्यात नेमका कुठून घालायचा, हे ठरायला किती वर्षं गेली

पावसाळ्यात मावशी रामकुंडाच्या पायऱ्यांवर घसरली आणि खांद्यालगत दंडाचं हाड मोडलं. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, म्हणाले रॉड टाकावा लागेल, आणि पेनाने तिच्या खांद्यावर एक ठिपका काढला, इथून आत जायचं. ठिपका तिथेच का, ते शोधत बसलो.

रॉडची गोष्ट मांडीपासून सुरू होते. 1939 मध्ये जर्मनीत कील शहरात गेरहार्ड क्युन्चरने मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टीलचा रॉड ठोकून बसवला. युद्धानंतर सुटून आलेल्या कैद्यांच्या एक्स-रेत हे रॉड दिसले तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांना कळलं. पुढे आडवे स्क्रू आले, म्हणजे हाड रॉडवर गरगर फिरू नये.

खांद्याचं मात्र अवघड. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा म्हातारपणी आतून रव्याच्या लाडवासारखा भुसभुशीत होतो, स्क्रू धरतच नाही. त्यात अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअरने 1970 मध्ये मांडलं की हे हाड चार मुख्य तुकड्यांपर्यंत फुटू शकतं, म्हणजे प्रत्येक तुकडा धरायला हवा.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती शिरायची जागा. आधीचे रॉड वरून थोडे वाकडे असायचे आणि बाजूच्या उंचवट्यातून आत जायचे, नेमका जिथे हात वर उचलणारा स्नायू हाडाला चिकटतो, तिथेच रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती जखम नीट भरत नाही, आणि फ्रॅक्चरची रेघही बऱ्याचदा तिथूनच जाते. हाड जुळायचं पण खांदा दुखत राहायचा. म्हणून सरळ रॉड आले, गोळ्याच्या अगदी माथ्यातून जाणारे. त्यासाठी स्नायू उभा चिरतात आणि नंतर शिवतात, थोडं कार्टिलेज (सांध्यातलं हाडावरचं गुळगुळीत आवरण) जातं, पण माथ्याखालचं हाड तुलनेने टणक असल्याने रॉडला पकड मिळते.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं अजिबात नाही हं. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या 250 पेशंटच्या अभ्यासात ऑपरेशन केलेले आणि नुसती झोळी बांधलेले, दोन वर्षांनी सारखेच निघाले. ज्यांना ऑपरेशन लागणारच हे उघड होतं ते मात्र त्यात घेतलेच नव्हते, आणि मावशीचा गोळा पार कलंडला होता.

आता ती रोज भिंतीवर बोटं चढवते आणि पेन्सिलने खूण करते. काल लाईटच्या बटणाच्या वर गेली.