‘त्याची दोन घरं आहेत’: बिनलग्नाच्या सोबतीची पार्श्वभूमी

सरकारी अर्जातल्या ‘वैवाहिक स्थिती’च्या रकान्यात विवाहित, अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित, फार तर विभक्त एवढेच पर्याय असतात. वर्षानुवर्षं एका घरात संसार केलेल्या, पण लग्न न झालेल्या जोडप्यानं खूण कुठं करायची? पुण्या-मुंबईत ‘पार्टनर’ म्हणून वेळ मारून नेता येते. सातारा-सांगलीकडं पार्टनर म्हटलं की अजूनही ‘कुठल्या धंद्यात?’ असं विचारतात. ‘लिव्ह-इन’ हे शहरातून आलेलं खूळ, असंही इकडं ठामपणे सांगितलं जातं. तसं सांगणाऱ्यांच्याच गावात ‘त्याची दोन घरं हायत’ हे वाक्य कुणालाही समजावून द्यावं लागत नाही.

सातारच्या गादीवरच याचं ठळक उदाहरण आहे. छत्रपती शाहूंच्या सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्या सर्वांना ठाऊक आहेत. पण मुघलांच्या कैदेपासून त्यांच्यासोबत असलेल्या विरूबाईचा वाड्यातला मान राण्यांपेक्षा कमी नव्हता. तिचं शाहूंशी लग्न झालेलं नव्हतं. 1740 मध्ये ती वारली तेव्हा तिचे अंत्यविधी शाहूंचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांनी मुलाच्या नात्यानं केले. अशा स्त्रीसाठी त्या काळात रक्षा, राख, नाटकशाळा असे शब्द होते. त्यांत मानाची उतरंड होती, हे खरंच. पण नातं लपवून ठेवलेलं नव्हतं.

रयतेतही लग्न म्हणजे एकच एक प्रकार नव्हता. पहिलं ते लग्न. विधवेचा किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईचा पुनर्विवाह तो पाट, काही ठिकाणी मोहतूर. पाट रात्री लागायचा, वाजंत्रीशिवाय, आणि सवाष्णींनी तो पाहू नये असा दंडक होता. एवढं चोरट्यासारखं उरकूनही नातं मात्र पक्कं धरलं जाई. मराठेशाहीत सरकार त्यावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी वसूल करी, म्हणजे दरबारीसुद्धा ते मान्य होतं. काडीमोड कुणाला द्यायची आणि पाट कुणाला लावू द्यायचा, हे जातपंचायत ठरवी.

ही लवचीकता इंग्रजी कोर्टात टिकली नाही. पहिला नवरा हयात असताना जातीच्या परवानगीनं दुसऱ्याशी पाट लावलेल्या बाईचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढं आलं. लग्न मोडायचा अधिकार पंचायतीला नाही, असं न्यायालयानं 1876 मध्ये सांगितलं. काल गावाला मान्य असलेला पाट कोर्टाच्या लेखी गुन्हा ठरला.

खरी उलथापालथ 1946 मध्ये झाली. मुंबई प्रांतानं हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायची बंदी घातली. त्याला आव्हान दिलं गेलं, पण मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी 1951 मध्ये कायदा वैध ठरवला. (गजेंद्रगडकरांचा जन्म साताऱ्याचाच, 1901 मधला.) पुढं 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं हीच बंदी देशभर लागू झाली. कायदा योग्यच होता. पण त्यानं दुसरी घरं बंद पडली नाहीत. दुसरीचा दर्जा तेवढा गेला. आधीच्या पिढीत जी ‘धाकली’ म्हणून सातबाऱ्यापर्यंत पोचू शकत होती, ती आता ‘ठेवलेली’ झाली. ठेवणाऱ्याला मात्र वेगळं नाव पडलं नाही. तो पाटील तो पाटीलच.

त्यातली गोम 1965 मध्ये उघड झाली. पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीनं दुसरं लग्न केल्याबद्दल महाराष्ट्रातल्या एकाला शिक्षा झाली होती. होम आणि सप्तपदी झालेली नाही, हे विधी सोडायची रूढीही सिद्ध झालेली नाही, म्हणजे लग्नच लागलेलं नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. विधी अर्धवट ठेवा, म्हणजे गुन्हाही नाही आणि बायकोही नाही! पळवाट इतकी सोपी असल्यावर तिचा वापर होणारच.

पहिल्या घराचीही दुसरी बाजू होती. नवऱ्यानं टाकलेली, पण कागदोपत्री विवाहितच राहिलेली बाई. 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांना संघटित केलं. टाकलेल्या बाईला ‘परित्यक्ता’ म्हणून ओळख आणि स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, अशा अगदी रोजच्या गरजेच्या मागण्या त्यात होत्या. दुसऱ्या घरातल्या बाईसाठी मात्र मोर्चा निघाला नाही. दोघींना एकाच मोर्चात चालायला लावणंही अवघडच.

सांगली-मिरजेत आणखी एक रीत दिसते. देवाला सोडलेल्या मुलीशी झुलवा लावून एखादा पुरुष तिचा सोबती होई. मुलं आईच्या नावानं वाढत. वेश्या अन्याय मुक्ती परिषद या देहविक्री करणाऱ्या बायकांच्या संघटनेतल्या बायका कायमच्या जोडीदाराला ‘मालक’ म्हणतात. गळ्यात डोरलं असलेली शेजारीण आपल्या नवऱ्याला हाच शब्द वापरते.

कायद्यानं या नात्याकडं पाहिलं ते 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, ‘विवाहासारखे संबंध’ अशा शब्दांत. 2008 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं त्यापुढं पाऊल टाकलं: पुरेसा काळ पत्नीसारखी राहिलेल्या स्त्रीला पोटगीपुरतं पत्नी मानावं, असा प्रस्ताव मंजूर केला. त्याचा कायदा झाला नाही.

2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘विवाहासारख्या’ नात्याच्या अटी घातल्या. दोघं सज्ञान हवीत, लोकांत नवरा-बायकोसारखी वावरत असावीत, स्वखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेली असावीत, आणि दोघांनाही लग्न करायची मोकळीक हवी. त्याच निकालात ‘ठेवलेली’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला, त्यावर तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात आक्षेप घेतला. शब्दावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण इकडच्या बायकांना अडवते ती शेवटची अट. हिंजवडीत सदनिका घेऊन राहणारी दोन अविवाहित इंजिनिअर मंडळी त्या व्याख्येत अलगद बसतात; वाळवा किंवा माण तालुक्यातल्या दुसऱ्या घरातली बाई बसत नाही, कारण तिच्या माणसाचं पहिलं लग्न शाबूत आहे.

2013 मध्ये दोन निकाल आले. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या महाराष्ट्रातल्या बाईला पोटगी मिळाली. माहीत असून सोबत राहिलेल्या दुसरीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद नाकारली गेली. अशा स्त्रियांसाठी संसदेनं विचार करावा, असं मात्र न्यायालयानं नमूद केलं. खेड्यात कुणाचं पहिलं लग्न कुणाला ठाऊक नसतं?