‘मालिकेसारखा सिनेमा’ म्हणजे नेमकं काय?

थिएटरमधून बाहेर पडताना कुणी म्हणालं, ‘अगदी मालिकेसारखा वाटला,’ तर समजायचं की सिनेमा आवडलेला नाही. उलट एखादी मालिका ‘सिनेमासारखी घेतलीये’ म्हटलं की ती शाबासकी. मला ही विभागणी पटत नाही. बहुतेक दैनंदिन मालिका फसतात हे खरंच आहे, पण त्या कशामुळे फसतात हे पाहिलं, तर दोन्हींना एकच पट्टी लावून चालत नाही हे लक्षात येतं.

कलाकारांचा प्रश्न आधीच बाजूला ठेवू. ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा पुरस्कार मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी, त्याच ‘चार दिवस सासूचे’मधल्या आशालता देशमुख. अभिनेत्री तीच, बदलतो तो तिला मिळणारा वेळ. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वगळल्या की साधारण २२ मिनिटं उरतात, आणि युनिटची धडपड असते दिवसाला एक भाग हातावेगळा करण्याची. सिनेमाच्या सेटवर दिवसभरात तीन-चार मिनिटांचं काम झालं तरी दिवस चांगला गेला म्हणतात. मालिकेत कधी कधी मेकअप चालू असताना सीनची पानं हातात पडतात. दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतात, त्यामुळे प्रकाश असा करावा लागतो की कुठल्याही बाजूने चेहरा स्वच्छ दिसावा. म्हणून मालिकेतला दिवाणखाना सकाळी आठला आणि रात्री अकराला सारखाच लखलखीत दिसतो. प्रत्येक शॉटसाठी दिवे हलवायला तिथे वेळच नसतो.

पण माझ्या मते खरा फरक आहे तो डोळा आणि कान यांतला.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आठवा. कॅमेरा लांबवर एका जागी थांबतो आणि अख्खी न्यायालयाची खोली आपल्यासमोर ठेवतो. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील तिथे कलमं वाचत राहते. पुढे तीच बाई लोकलमधून घरी जाते, घरच्यांसाठी स्वयंपाक करते. या दोन गोष्टींचा संबंध कुणी बोलून दाखवत नाही, तो आपण बघून लावायचा. अंधारात, मोबाइल बंद करून बसलेल्या प्रेक्षकावर दिग्दर्शक एवढा विश्वास टाकू शकतो.

मालिका लिहिणाऱ्यासमोर असा प्रेक्षक नसतो. आमच्याकडे टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि संध्याकाळी साडेसातला आई ओट्याशी पोळ्या लाटत असायची. एकही भाग तिने सलग डोळ्यांनी पाहिला नसेल, पण कथा तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत असायची. बाहेर पार्श्वसंगीत ‘धाडकन’ वाजलं की लाटणं थांबायचं. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात यायची, टीव्हीवरचा चेहरा बघायची आणि तव्यावरची पोळी करपायच्या आत परत फिरायची. तो चेहरा तीन-तीनदा का दाखवतात, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्या वेळात ओट्यापासून दारापर्यंत पोहोचता येतं. ‘वहिनी, तुमच्या डोळ्यांत पाणी?’ हे वाक्य सिनेमात असतं तर मी लेखकाला दोष दिला असता, कारण पाणी पडद्यावर दिसतंच आहे. स्वयंपाकघरातल्या बाईसाठी मात्र ते वाक्य लागतंच.

मग मालिकेचं खरोखर वाईट काय? शेवट ठाऊक नसणं. सिनेमाचा लेखक शेवट मनात धरून पहिलं पान लिहितो. दैनंदिन मालिकेत दर आठवड्याला टीआरपी येतो आणि त्यावर कुठला ट्रॅक वाढवायचा, कुठला गुंडाळायचा हे ठरतं. एका गैरसमजावर महिना निघतो, कारण तो मिटला तर पुढे काय, हे अजून कुणी ठरवलेलंच नसतं.

शेवट आधी ठरलेला असेल, तर छोट्या पडद्यावर काय होऊ शकतं हे गोविंद निहलानींच्या ‘तमस’ने १९८८ साली दाखवलं. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची सुमारे पाच तासांची ही कलाकृती दूरदर्शनवर भागाभागांनी दाखवली गेली, आणि सलग सिनेमा म्हणूनही. प्रक्षेपण थांबवावं म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी ती पूर्ण पाहिली आणि प्रक्षेपणाची वाट मोकळी केली. तिला मालिका म्हणा किंवा सिनेमा, दर्जा तसूभरही बदलत नाही. सगळे भाग लिहून झाल्यावर चित्रीकरणाला जाणाऱ्या वेबसिरीज मी याच घराण्यातल्या मानतो. रोजच्या मालिकेशी त्यांची तुलना करणं हा रोजच्या मालिकेवर अन्याय आहे.

कारण रोजच्या मालिकेकडे एक गोष्ट अशी असते, जी दोन तासांच्या सिनेमाला मेकअप करूनही मिळत नाही: खरा काळ. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या काळात पडद्यावरची माणसं खरोखर वयाने वाढली आणि बघणाऱ्या घरांतल्या मुलीही लग्न होऊन सासरी गेल्या. इतक्या लांबच्या सोबतीची ताकद मी तरी कमी लेखणार नाही.

म्हणून नवी मालिका जोखायची असेल, तर मी पहिल्या भागावर जात नाही. पहिला भाग सगळेच जपून करतात, त्याला दिवसही जास्त मिळतात. मी शंभरावा भाग बघतो आणि एवढंच तपासतो, की माणसांना त्यांच्यावर ओढवलेलं आठवतंय का. विसाव्या भागात नवऱ्याच्या कर्जापायी पाटल्या मोडणाऱ्या बाईचे हात शंभराव्या भागातल्या हळदीकुंकवालाही मोकळेच असतील, आणि वाण घेताना ती पदर थोडा पुढे ओढून घेत असेल, तर ती मालिका मी पुढे बघतो.